नेवेंकाच्या दाढेचा राखणदार

मी राखणदार आहे, पण फाटकावरचा नव्हे. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांवर डॉक्टर जो कडक, पारदर्शक गार्ड बसवतात ना, तोच मी. दिसायला घोड्याच्या नालासारखा. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लेस्कोवात्स शहराच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नेवेंका नावाची बाई बसते. गाडी उशिरा आली की लोक ड्रायव्हरला सोडून हिलाच झापतात. ही म्हणते, "बसा ना, येईलच." घरी सासूबाई, स्तानोयका, तिच्या प्रत्येक पदार्थात पुन्हा मीठ घालतात. ही तेही मुकाट्याने खाते. दिवसभर तक्रारीचा चकार शब्द न काढणारी ही बाई झोपली की असे करकरा दात खायची की नवरा, द्रागिशा, उशी काखोटीला मारून सोफ्यावर जायचा.

मी यायच्या आधी उपाय काही कमी झाले नव्हते. सासूबाईंचं निदान ठाम होतं. "वाऱ्याचा झोत बसलाय तुझ्या जबड्यात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या टाकतेस, दुसरं काय होणार?" मग घरच्या राकियात, म्हणजे फळांच्या दारूत, भिजवलेलं फडकं जबड्याला, त्यावर लोकरीचा रुमाल, तोही भर जुलैत. नवऱ्याचा उपाय म्हणजे कोपराने ढोसणं. दोन वर्षं हेच चाललं. शेवटी उजवीकडची खालची दाढ तडकली, तेव्हा कुठे ती डॉक्टर विदोसावांकडे गेली.

त्यांनी लगद्यात तिच्या दातांचा ठसा घेतला. त्यावरून प्लास्टरचे दात झाले आणि त्या दातांवर मला घडवून, घासून गुळगुळीत केलं. पहिल्यांदा तिच्या तोंडात बसलो त्या दिवशीचं डॉक्टरांचं बोलणं मला आजही पाठ आहे.

"दाढ वाचेल, पण हा रोज घालायचा. तो दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही. त्यासाठी जबड्याचे व्यायाम शिकवते. संध्याकाळनंतर कॉफी बंद. नाहीच भागलं तर जबड्याच्या स्नायूत इंजेक्शन देता येतं. आणि हो, मनात काय साचलंय ते कुणाशी तरी बोला."

"माझ्या मनात कुठे काय आहे?" ती म्हणाली.

"बरं. हा गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्यात वाकतो. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

तिने मान डोलावली. पण त्या घरात काही सांगून ठेवायची तिला सवयच नव्हती.

आठ महिने मी इमानेइतबारे काम केलं. प्रवाशांना न दिलेली उत्तरं, सासूबाईंना न बोललेली वाक्यं, सगळी ती माझ्यावर काढायची. अंगभर ओरखडे पडले, पण दाढ टिकली. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू?

मग सप्टेंबर आला. इथे सप्टेंबरात अंगणाअंगणांत लाल गोड मिरच्या भाजतात, सोलून कुटतात, तासन्‌तास ढवळून त्यांचा आयवार करतात आणि उकळलेल्या बरण्यांत हिवाळ्यासाठी भरून ठेवतात. त्या दिवसांत स्तानोयकाबाईंचा हात लागेल ती वस्तू पातेल्यात जाते. न्हाणीघरातल्या फळीवर त्यांना माझी डबी दिसली. "शी, तोंडात घालायची वस्तू, आणि नुसती गार पाण्याने धुते पोरगी!" असं म्हणत त्यांनी मला झाकणांबरोबर उकळत्या पाण्यात सोडलं. चांगली वीस मिनिटं.

नेवेंका कामावरून आली तेव्हा मी फडक्यावर वाळत होतो.

"बघ, कसा लख्ख केला," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

तिने मला उचललं. माझी उजवी बाजू आत वळली होती, ती तिने पाहिली. मला वाटलं, आता तरी बोलेल. ती म्हणाली, "बरं केलंत, आई."

त्या दिवसापासून मी तिचा वैरी झालो. ती मला तसाच कोंबून घालायची, आणि मी नेमका त्या तडकलेल्या दाढेला दाबायचो. मला ते कळत होतं आणि इलाज नव्हता. डॉक्टरांकडे जावं तर नवा का हवा ते घरात निघालं असतं, म्हणून ती गेलीच नाही. सकाळी गाल धरून कॉफी प्यायची.

नोव्हेंबरात त्यांच्या कुळाच्या संताचा दिवस, स्लावा, आला. वीस माणसं जेवायला. दुसऱ्या दिवशी ती माझी डबी घेऊन डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. दाढ मुळापर्यंत चिरली होती आणि तिचा एक तुकडा गायब होता.

"तुटलेला तुकडा कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"गिळला."

"गिळला? का?"

"आयवार लावलेली भाकरी खात होते. सगळ्यांसमोर तुकडा काढून ताटात ठेवला असता तर आयवारात खडा निघाला असं वाटलं असतं. आईंना फार लागलं असतं ते."

"मग काय केलंत?"

"आणखी थोडा वाढून घेतला. छान झालाय म्हटलं."

डॉक्टरांनी भुलीची सुई भरली. त्यांनी दाढ काढली आणि नव्या गार्डसाठी ठसा घेतला.

मी आता त्यांच्या खणात असतो. नव्या पेशंटला माझी वाकडी बाजू दाखवून त्या बजावतात, गरम पाण्यात घालू नका. लोक हसतात. हसा बापांनो. पण माझं एवढं ऐका. गरम पाण्याने मी वाकलो हे खरं, पण दाढ काही पाण्याने गेली नाही. "आई, हा वाकला," एवढं म्हणायचं होतं, आणि ते ऐकून सासूबाईंनी स्वतः तिला हाताला धरून इथे आणलं असतं. मला उकळलं होतं ते मायेनेच ना?

त्या दिवशी तोंडात कापूस धरून जाताना नेवेंका दारात थांबली. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात आईंना कवळीच्या मापाला घेऊन येतेय," ती म्हणाली. "त्यांच्यापुढे यातलं काही काढू नका हं."