काचेच्या खोलीतली सुई

आमच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्याच्या खिडक्या कधी उघडत न्हाईत. वारा आला की पेळू, म्हंजी पिंजल्या कापसाची लांब वात, तुटतो म्हणत्यात. एकोणीस वर्सं मी त्या धुळीत उभा हाय, पर काळजी सगळ्यांना पेळूचीच.

शहात्तर साली मॅनेजरनं धूळ मोजायला पुण्यास्नं एक साहेब आणला. त्याच्या पेटीत एका अंगाला दिवा आन् दुसऱ्या अंगाला उजेड मोजणारा विजेचा डोळा. मधी धूळ आली की उजेड कमी पडतो आन् सुई तांबड्यावर जाते. मशिनं सुरू झाली तशी सुई तांबड्यावर गेली, ती हलंचना. मला वाटलं, आता तरी खिडकी उघडंल.

साहेब म्हणाला, "काचेवर कापूस बसतोय, म्हणून आकडा चुकतोय."

आठ दिवसांत पेटीभवती काचेची बंद खोली उठली. सुई हिरव्यावर आली आन् मॅनेजर लई खूश झाला.

पेटीची काच पुसायचं काम मला दिलं. पयल्यांदा आत शिरलो आन् छाती भरून श्वास घेतला. तशी खोकल्याची उबळ आली, अंगावरचा कापूस उडाला आन् सुई टुणकन तांबड्यावर गेली.

"बगा साहेब," मी म्हणालो, "आता खरं बोलली की!"

"रुद्रप्पा, आधी बाहेर हो!" साहेब ओरडला. "आणि दार लाव, धूळ आत येतेय."

मी भायेर आलो आन् धुळीच्या बाजूनं दार लावून घेतलं.