गोड्या मातीच्या खोल्या

ठमाबाईने पाटीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, क्षणभर डोळे मिटले आणि बाजूला थुंकली.

"सायेब, ही माती खारी हाय. हिच्या भिती टिकाच्या नाय."

मी तेव्हा पंचविशीत होतो. पुण्याहून इंजिनिअरिंग शिकून ठाण्यात ओव्हरसियर म्हणून नुकताच आलो होतो आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाईने मला मातीचे गुण सांगावेत, हे मला चांगलंच झोंबलं.

"बाई, माती तोंडाने पारखत नाहीत. पाटी उचल आणि चालू लाग."

ही गोष्ट सन १८८४ची. त्या वर्षी शिमग्यात मिठागरावर राबणाऱ्यांची खाडीकाठची वस्ती जळाली होती. पेंढ्याची छपरं आणि कुडाच्या भिंती, एका ठिणगीसरशी चोवीस झोपड्या गेल्या. ठमाबाईची म्हातारी सासू झोपडीतून बाहेर येऊ शकली नाही. पावसाळा त्या लोकांनी धर्मशाळेत काढला. मग गावातल्या चार प्रतिष्ठितांनी कमिटी नेमून त्यांना पक्क्या विटांच्या, कौलारू खोल्या बांधून द्यायचं ठरवलं. अध्यक्ष होते प्रभाकरपंत वकील. पण याच कमिटीत दोन गृहस्थ असे होते, की त्यांना ती जागा वखारीसाठी हवी होती. "पहिल्या पावसात एक जरी भिंत बसली, तरी हे लोक गेले खाडीपलीकडे," असं त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. खोल्या बांधायच्या मी, आणि स्वस्तात बांधायच्या. मी खाडीकाठचीच माती काढली. माती हाताशी, पाणी हाताशी, भट्टीही शेजारी! आपल्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

ठमाबाईने पाटी उचलली नाही. तिच्यामागे अकरा बायका उभ्या होत्या, त्यांनीही आपापल्या पाट्या खाली ठेवल्या.

"तुमी उद्या पुन्याला जाल," ती म्हणाली. "भित पडंल ती आमच्या पोरांवर. मंग आमाला नको इचाराला?"

मी ओरडणार तेवढ्यात प्रभाकरपंत फेरफटका मारत तिथे आले. त्यांनी काय झालं ते विचारलं आणि मला गप्प करून तिला बोलू दिलं. त्याबद्दल मी आजही त्यांना मनोमन नमस्कार करतो.

"मिठागरावं जलम गेला माजा," ठमाबाई म्हणाली. "कंच्या पान्यात किती मीठ, त आमी जिभंवर सांगताव. या मातीची वीट भाजली तरी मीठ आतच ऱ्हाईल. तळ्यातला गाळ घ्या. गोडी माती हाय, न तळंबी खोल होईल."

"ओव्हरसियर काय म्हणतात?" पंतांनी विचारलं.

"विटा भट्टीत लागल्यात," मी फणकारलो. "हवी तर परीक्षा घ्या!"

हातचं राखून बोलण्याची अक्कल त्या वयात नसते. ठमाबाईने तळ्याच्या गाळाची एक वीट पाडली, ती वाळवली आणि माझ्याच भट्टीच्या कोपऱ्यात भाजून घेतली. मग तिची वीट आणि माझी वीट, दोन्ही पंतांच्या ओसरीवर एका परातीत गोडं पाणी घालून उभ्या केल्या. अख्खं गाव येता-जाता बघत होतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. मी मिशीला पीळ दिला.

चौथ्या दिवशी परात कोरडी पडली. ठमाबाईची वीट होती तशी लाल होती. माझ्या विटेला मात्र पांढरी दाढी फुटली होती! मी बोट लावलं, तसा विटेचा पापुद्रा गळून हातात आला. मी तेच बोट जिभेला लावलं. मीठ होतं.

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "ठमाबाई, चुकलो."

"तुमी काय मिठागरावं वाढलाव?" ती म्हणाली. "तुमाला कसा कळंल?"

खाऱ्या विटा रस्त्याच्या खड्ड्यांत गेल्या. तळ्याचा गाळ उपसू लागलो तशी पाणी भरणाऱ्या बायका येऊन आम्हाला दुवा देऊ लागल्या. आणि माझी रग एकदा जिरल्यावर मी खोल्यांचा नकाशाही ठमाबाईपुढे पसरला. ती हसायला लागली.

"या कागदात मी शिरू कशी, सायेब?"

मग मी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाची खोली आखली. बायका रेघा ओलांडून आत गेल्या आणि माझा नकाशा अर्ध्या घटकेत निकालात निघाला. चूल मी दाराशी ठेवली होती, "धूर काय पोरांच्या नाकात घालाचा?" म्हणून ती मागच्या भिंतीला गेली. सुकटीच्या टोपल्यांसाठी बाहेर ओटी आली. गोदा नावाची उंच बाई आडवी झाली, तर तिचे पाय रेघेबाहेर! सगळ्या पोट धरून हसल्या. मी रेघ पुसून हातभर पुढे नेली. दोन खोल्यांत मिळून एकच भिंत घातल्याने विटा वाचल्या होत्या, त्या तिथे कामी आल्या. आयुष्यात पुढे मी पूल बांधले, कचेऱ्या बांधल्या, पण त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कुठल्या कामात झाला नाही.

वैशाखात लोक राहायला गेले. आषाढ-श्रावणात मी रोज सकाळी भिंती हातांनी चाचपून येत होतो. दसऱ्याच्या सुमारास कमिटी पाहणीला आली. वखारवाल्या दोघांनी चोवीस खोल्यांच्या भिंतींना काठ्या टोचून पाहिल्या. एकही पोपडा निघाला नाही. शेवटी एकाच्या काठीच्या टोकाची लोखंडी शेंबी निसटून पडली, ती त्याने गुपचूप खिशात टाकली.

"चला, ठमाबाईला शाबासकी देऊ," प्रभाकरपंत म्हणाले.

जुन्या झोपड्यांना दाराऐवजी झावळ्यांचा झाप असायचा. मुकादम असो, शिपाई असो, झाप सारायचा आणि वाकून सरळ आत शिरायचं, अशीच सगळ्यांची रीत. पंतही त्याच सवयीने पुढे झाले आणि त्यांचा हात फळ्यांच्या बंद दारावर आपटला.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

गावात पंतांना हा प्रश्न कुणी विचारला असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पगडी सारखी केली आणि खाकरले.

"मी प्रभाकर. कमिटीतला."

"बसा ओटीवं. चूल आटपून येतंय."

आणि ठाण्याचे ते चार प्रतिष्ठित आणि मी, असे आम्ही पाच जण, जोडे काढून, ठमाबाईच्या ओटीवर ओळीने बसून राहिलो.