मिटणाऱ्या डोळ्यांवरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. कारखान्यात घडलो, दुकानाच्या कपाटात पडून राहिलो आणि मग शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईंच्या नाकावर आलो. मुलं त्यांना मावशी म्हणायची. मावशींच्या गाडीत पोर बसवलं की काळजी मिटली, असं पालक म्हणायचे. ते ऐकून मला केवढा अभिमान वाटायचा!

मग मावशींच्या पापण्या फडफडू लागल्या. उन्हात तर डोळे गच्च मिटायचे. बोटांनी ओढून उघडावे लागायचे. मावशी डोळा मारतात असं वाटून मुलं नक्कल करायची. नवरा म्हणे, झोप पुरत नसेल. दोष माझ्यावरही आला. माझ्या काचा बदलल्या, तरी काही फरक पडेना. मावशी मात्र पालकांना कळू न देता गाडी चालवत राहिल्या.

एका सकाळी वळणावर डोळे मिटले ते उघडेचनात. गाडी फुटपाथवर चढून खांबापाशी थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण मागच्या सीटवर एक मुलगी हमसून हमसून रडत होती. मावशींनी त्याच दिवशी व्हॅनच्या मालकांपुढे किल्ली ठेवली. घरी येऊन मला भिंतीवर भिरकावलं. माझी दांडी मोडली आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली.

कितीतरी दिवसांनी मावशींच्या बहिणीने माझी दांडी तारेने बांधली आणि मावशींना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. पापण्यांचे स्नायू आपोआप आवळतात. यात तुमचा काही दोष नाही."

मावशी ओंजळीत तोंड लपवून रडल्या.

स्नायू सैल करणारं इंजेक्शन होतं, पण ते औषध मुळात एक विष, अगदी कणभर मापाने द्यायचं. नवरा हबकला. डोळ्यांपाशी विष टोचायचं?

"टोचा," मावशी म्हणाल्या. मी त्यांच्या मुठीत होतो. मूठ घामाने भिजली होती.

आठवड्याभरात डोळे उघडे राहू लागले. एक पापणी थोडे दिवस लोंबली, मग सावरली. पण काही महिन्यांनी औषधाचा असर ओसरला आणि फडफड परतली. पुन्हा सुया, पुन्हा तीच धाकधूक. हे असंच चालायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय. किल्ली मावशींनी परत मागितली नाही. आता त्या व्हॅनच्या दाराशी उभ्या राहून मुलांना हात धरून उतरवतात.

मित्रांनो, काचा पुसाल तेवढा मी स्वच्छ होईन, पण मिटलेली पापणी मला उघडता येत नाही. कुणाचे डोळे, मान, हात आपोआप हलताना दिसले, तर नक्कल करू नका. जवळ जा आणि विचारा, "मावशी, रस्ता ओलांडताना हात धरू का?"