एका रिंगचा निरोप

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या वॉर्डातल्या पेशंटांनाही ठाऊक आहे. अंबाजोगाईत मी अकरा वर्षं नर्स आहे. आई चतुराबाई आणि वडील शहादेव, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, दोघंच युसूफ वडगाव या गावी राहायचे. दादांना दम्यानं जेरीस आणलेलं. आईला ऐकू येत नाही. कानाशी ओरडलं तर थोडंफार कळतं. फोनवर बोलणं तिला कधी जमलंच नाही. म्हणून आमचं सगळं मिस कॉलवर चालायचं. रोज दुपारी दोनला तिनं फोन लावायचा. एकच रिंग आली तर दादा बरे. जास्त आल्या तर असशील तशी निघून ये.

रिंग तिला ऐकूच यायची नाही. त्यावर तिनं स्वतःचं माप काढलं होतं. हिरवं बटण दाबून ती त्रिशरण म्हणायची. बुद्धं सरणं, धम्मं सरणं, संघं सरणं, विहारात म्हणतात तशा संथ तीन ओळी, की लाल बटण. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन एकदा थरथरायचा. मला बोलवायचं असलं तर दुतियम्पि, ततियम्पि करत तेच तीनदा, पूर्ण म्हणायचं. सहा वर्षांत ती एकदाही चुकली नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईचा मला त्यात लई अभिमान होता.

माझा भाऊ समाधान सिरसाळ्याला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. जुना टू-जीचा फोन बंद पडायला आला म्हणून त्यानं आईला नवा फोर-जीचा आणून दिला, तसाच बटणांचा. तिसऱ्याच दिवशी दोन वाजता माझ्या खिशात फोन तीनदा थरथरला. सुट्टी न टाकता मी पळाले, मिळेल त्या जीपला लटकून वडगाव गाठलं. दादा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते.

चार दिवसांनी पुन्हा तेच. तिकडं मेमो हातात पडला, इकडं माझा पारा चढला.

"कावून खेळ लावलाय माझा? तीन ओळी मोजता येत न्हाईत तुला?" मी तिच्या कानात ओरडले. शेजारपाजारचे बघत होते. आई फोन पदरानं पुसत राहिली.

त्या संध्याकाळी समाधानला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आईचं चुकलं न्हाई. जुन्या नेटवर्कवर फोन लागायलाच सात-आठ सेकंद जायचे. फोर-जीवर लगेच रिंग जाती. पन ध्यानात ठेव, तिथली फोर-जीची रेंज गेली की ह्योच फोन पुन्हा टू-जीवर पडतो. तवा पयल्यासारखाच वेळ लागंल. आईला नीट समजून सांग."

मी समजून सांगितलं नाही. कंटाळले होते, खरं तेच सांगते. पुढच्या रविवारी गेले, बोटांवर दाखवलं आणि मोकळी झाले. "दादा बरे असले तर एकच ओळ म्हन. मला बोलवायचं असलं तर तिन्ही." माफी मागायचंही राहून गेलं. राहून काय गेलं, मागितलीच नाही.

दोन महिने सुरळीत गेले. मग एका मंगळवारी सकाळी अकराला फोन थरथरला. एकदाच. मी एका बाईला सलाईन लावत होते. वेळ दोनची नव्हती, हे मनात आलं. पण एकच रिंग, म्हणजे दादा बरे. हात धुतले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सव्वा वाजता वडगावच्या घराशेजारचे दुकानदार मल्लिकार्जुन अप्पा यांचा फोन आला.

"आमरपाली, दादा गेले गं. दोन घंटे झाले मी गाडी काढून हुबा होतो. तुझी आई उचलूच देईना. म्हनायची, माझी नर्स निघालीय, ती आल्यावर न्या. टावर सकाळपासून धड न्हाई बघ. तुला फोन लावून लावून बोटं दुखली."

घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. आई दादांच्या पायाशी बसली होती. मला बघून ती उठली नाही. जमलेल्या बायकांना सांगत होती, "माझंच चुकलं. तिन्ही ओळी म्हनले मी, पन गडबडीत भरभर म्हनले आसंन. पोरगी म्हनलीच होती, मला मोजता येत न्हाई."

बायका तिची पाठ थोपटत होत्या. समाधान माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो गप्प होता, माझ्यासाठी.

मी तिच्याजवळ बसले. "आई, तुझं न्हाई चुकलं. माझं चुकलं," मी हळूच म्हणाले.

तिनं कान माझ्या तोंडाशी आणला. "काय म्हनती? मोठ्यानं बोल माय, ऐकू येत न्हाई."

अंगणातली सगळी माणसं आमच्याकडे बघू लागली. मी श्वास घेतला आणि तिच्या कानात ओरडले, की चूक माझी आहे, रेंज गेली की पहिल्यासारखं पूर्ण म्हणावं लागतं हे मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तिला पहिल्यांदा नीट कळलं नाही. म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं.