कौलाच्या दोन फाका

मित्रांनो, मी एक जुनी जोडी आहे. बांबूच्या मुळातून कोरलेल्या, चंद्रकोरीसारख्या दोन फाका. एक बाजू सपाट, एक फुगीर. हाँगकाँगच्या एका चढणीच्या गल्लीतल्या देवळात लोक मला ओंजळीत धरून प्रश्न विचारतात आणि जमिनीवर टाकतात. एक फाक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या, तर ज्याला विचारले तो हसला, प्रश्नच चुकला.

मला एका हमालाने कोरले. तो आजारी पडला तेव्हा घरमालकाने त्याला रस्त्यावर काढले, कारण खोलीत कोणी मेले की ती पुन्हा भाड्याने जात नसे. अशांसाठीच गोदीतल्या माणसांनी वर्गणी काढून हे देऊळ बांधले होते. पुढे देव, मागे आजाऱ्यांच्या चटया. पेज, काढा आणि वेळ आली तर शवपेटी, सगळे फुकट. तो हमाल वाचला, म्हणून मी आहे. याचा मला फार अभिमान वाटतो. जे वाचले नाहीत आणि ज्यांना मागे कोणी नव्हते, त्यांच्या नावांच्या पाट्या मागच्या फळीवर आहेत; पाटीत माणूस वसतो, असे इथे मानतात.

पुढे लाल प्लास्टिकची जोडी आली आणि मी कोनाड्यात धूळ खात पडले.

यंदा मोक चि-हान वारला. त्याने जन्मभर इथे पेज वाढली होती. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची पाटी त्या फळीवर ठेवली. ती घरी न्यायला त्याची लेक युन-छिंग आली.

"लुक मावशी, मी जिवंत असताना बाबा बेवारशांच्या रांगेत? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला काय विचारतेस? बापाला विचार." देऊळ सांभाळणाऱ्या मावशींनी मला फडक्याने पुसले. "ती प्लास्टिकची नको. तुझा बाप तिला खेळणं म्हणायचा."

युन-छिंगने गुडघे टेकले. "बाबा, माझ्या घरी येता, की इथेच करमतं?"

दोन्ही उताण्या.

"हसला बघ! हॉटेलात चहा की कॉफी विचारतात तसं काय विचारतेस? एका वेळी एकच."

"माझ्या घरी येता?"

दोन्ही पालथ्या. तिने मला पुन्हा उचलले.

"माझ्यावर रागावलात?"

पुन्हा दोन्ही पालथ्या.

तिने फळीवरच्या पाट्यांवरून नजर फिरवली. "मग यांना सोडून यायचं जिवावर येतं, असंच ना बाबा?"

एक उताणी, एक पालथी.

तिने डोळे पुसले आणि बाबांसाठी आणलेला पेजेचा डबा उघडला. "मावशी, वाट्या आहेत?"

"किती?"

"फळीभर."

"अगं, एवढीशी पेज पुरायची कशी?"

"घास घास देते."

त्या दिवसापासून त्या फळीवरच्या प्रत्येकाला एक लेक आहे.

मित्रांनो, मला पुन्हा कोनाड्यात ठेवले तरी चालेल. पण आपल्या माणसापुढे उदबत्ती लावाल, तेव्हा शेजारच्या पाटीपुढेही एक लावा.