रानाच्या धन्याला दिलेली मुलगी

१९४८ सालच्या ऑगस्टात, भर दुपारी, लहानग्या लुशाच्या हातून दुधाची बादली उंबऱ्यावर उपडी झाली. तिची आई ग्लाफिरा पहाटेपासून सामूहिक शेतावर गवत कापून नुकतीच टेकली होती.

"लेशी नेवो तुला, आंधळी कुठली!"

लेशी म्हणजे रानाचा धनी. आमच्या गावातल्या आया शिव्या देताना उठता-बसता पोरं त्याच्या पदरात टाकत, आणि पोरं जेवायच्या वेळी हजर होत. लुशा मात्र रडत रानाकडे गेली ती संध्याकाळी परतली नाही.

ग्लाफिराची सासू मलान्या स्वयंपाकाच्या मोठ्या भट्टीच्या माथ्यावर उबेला घातलेल्या अंथरुणातून खाली उतरली.

"आईचा शब्द, त्यात दुपारची वेळ. लगेच पोचतो तो."

"तोंडातून गेलं हो, सासूबाई. मनात नव्हतं."

"त्याला मन कुठं दिसतंय? तू दिलीस, आता तूच मागून आण."

लेशीची भूल उलटावी म्हणून ग्लाफिरानं डोक्याचा रुमाल उलटा बांधला, डावा जोडा उजव्या पायात घातला. रानाच्या कडेला तोडलेल्या झाडाच्या एका खुंटावर पाव नि मीठ ठेवून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. दोन दिवसांनी लुशा त्याच खुंटापाशी सापडली, पाव खात.

"कुठं होतीस गं?"

"एका आजोबांबरोबर. ते पुढं पुढं चालायचे."

मलान्यानं तिच्या गळ्यात क्रूस घातला, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आपलीच दिसते," ती म्हणाली. "रानातले ते, आपलं पोर ठेवून तसंच दिसणारं दुसरंही देतात म्हणा."

त्यानंतर ग्लाफिरा लुशाला कधी रागावली नाही. मडकं फुटलं, गाय कोबीत शिरली, तरी ती मुकाट्यानं आवरायची. ताटात साय आधी लुशाला, पाहुणीला वाढावी तशी. दारात दोघी समोरासमोर आल्या तर आईच बाजूला व्हायची. शेजारच्या पोरींना आयांच्या शिव्या पडत, तेव्हा लुशा कुंपणाला रेलून ऐकत राही.

मलान्या त्याच हिवाळ्यात गेली. पुढं मोठी झाल्यावर लुशा पलीकडच्या गावातल्या एका सुताराला दिली; तिला दोन मुलगे झाले. १९८१ साली ग्लाफिरा अंथरुणाला खिळली, तेव्हा लुशा सेवेला आली. एकदा दूध पाजताना वाटी कलंडली, आईच्या छातीवरून दूध खाली ओघळलं.

"लेशी नेवो तुला, आंधळी कुठली!"

बोलताच म्हातारीचे डोळे विस्फारले. हात तोंडाकडे जाऊ लागला. लुशानं तो वरच्यावर धरला.

"राहू दे, आई. अजून म्हण."

ग्लाफिरानं आपल्या ओल्या छातीकडे पाहिलं.

"दूध पूस आधी," ती म्हणाली. "आळशी मेली."

लुशा तिचा हात धरून बसून राहिली. दूध जमिनीच्या फळ्यांच्या फटींत मुरून गेलं.