सातव्या भागाआधी

गोपिकाबाईंनी वाद घालणं सोडलं, तेव्हाच अंजनाबाईंना वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

फौजदार चंद्रभागेच्या कादंबऱ्यांवरून दोघी वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. चंद्रभागेच्या भावाला विहिरीत ढकललं कोणी, हे लेखिकेनं पहिल्या भागापासून गुलदस्त्यात ठेवलेलं. अंजनाबाईंचा वहीम कंपाउंडरवर, गोपिकाबाईंचा मावशीवर. त्या मावशीपायी एकदा दोघींची बोलचाल बंद झाली होती. आता सातव्या भागात सगळं उलगडणार होतं. तो भाग नेहमीसारखा दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर येणार होता. आणि ऐन वेळी गोपिकाबाई म्हणाल्या, "असंन वं, कंपाउंडरच असंन."

जिनं मावशीपायी सोन्यासारखी मैत्री पणाला लावली, ती बाई अशी एका वाक्यात कंपाउंडरवर येते? अंजनाबाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

दोघींचा रिवाज असा की पुस्तक दोघींत एकच घ्यायचं. दुपारी अंजनाबाईंनी मोठ्यानं वाचायचं, गोपिकाबाईंनी तांदूळ निवडत ऐकायचं. दुसरीला सोडून एकीनं एक पानही वाचायचं नाही. त्यासाठी गोपिकाबाईंनी गजाननबाबाची शपथ घेतली होती आणि अंजनाबाईंनी आपला शब्द दिला होता. वाचून झालेला भाग एकदा हिच्या घरी राही, एकदा तिच्या. सहावा गोपिकाबाईंच्या कपाटात होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अंजनाबाईंचं कौतुकानं ऐकून घेणारं माणूस जगात हे एकच उरलं होतं. तिनंच दगा दिला, तर पुस्तक घेऊन बसायचं कोणापुढं?

त्यात गोपिकाबाईंचा भाचा ऋषिकेश छापखान्यात कामाला, आणि सातवा भाग नेमका त्याच छापखान्यात छापला जात होता. एका संध्याकाळी तो त्यांच्याकडे कागदात गुंडाळलेला डबा घेऊन आला. अंजनाबाई दारात दिसताच गोपिकाबाईंनी तो झटकन उशीखाली सारला.

"काय वं ते?" अंजनाबाईंनी उशीकडे बोट दाखवलं.

"काही नाही. गोळ्या."

पुस्तकाएवढ्या गोळ्या अंजनाबाईंनी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. गोपिकाबाई पूर्वी दिवाणावर खांद्याला खांदा लावून बसत, आता समोर स्टूल ओढून बसत. बसायच्या आणि तोंडाकडे टक लावून पाहायच्या, चोर शिपायाकडे पाहतो तशा, याला कितपत कळलंय म्हणून. पुस्तकाचा विषय काढला की हसून मान डोलवायच्या, पण ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

शेवटी अंजनाबाईंनी सापळा लावला. शेंगा सोलता सोलता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "मले वाटते, त्याले बकरीनंच ढकललं."

"मलेही तसंच वाटते वं," गोपिकाबाई म्हणाल्या.

झालं! वाचलंय हिनं, आणि वर आपली थट्टा करून राहिली. अंजनाबाईंच्या हातातली शेंग परातीत न पडता खाली पडली. रागापेक्षा त्यांना रडू जास्त येत होतं.

दसऱ्याला दरवर्षी गोपिकाबाईच पुढं असत. यंदा म्हणाल्या, "तू जाऊन ये वं, मले गर्दी सहन नाही होत." अंजनाबाई एकट्याच गेल्या. स्टॉलवर उमरेडहून आलेल्या दोन पोरी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून उभ्या होत्या. त्यांनी ढकलणाऱ्याचं नाव घ्यायच्या आत अंजनाबाईंनी कानात बोटं घातली. शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक पिशवीत टाकून त्या निघाल्या, आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून. गोपिकाबाईंचं दार उघडं होतं. त्या दाराकडे पाठ करून, मांडीवरच्या कशावर तरी वाकल्या होत्या.

"गोपिका!"

मान वळली नाही.

"गोपिका, मी आली ना वं!"

तरी नाही. इतकी रंगली वाचण्यात! अंजनाबाई तरातरा पुढं गेल्या आणि मांडीवरून ती वस्तू हिसकलीच.

हातात आलं ते कानाचं मशीन. शेजारी तोच डबा उघडा पडला होता.

गोपिकाबाई दचकल्या, मग ओशाळल्या. "ऋषिकेशनं आणून देलं. लय शिट्टी वाजते त्याच्यात, म्हणून घालत नाही."

अंजनाबाई स्टुलावर बसल्या आणि तोंड नीट समोर धरून म्हणाल्या, "कधीपासून?"

"पाचवा भाग संपता संपता ऐकू येणं कमी झालं होतं. सहावा तं मी ऐकलाच नाही वं. तुह्या तोंडाकडे पाहत बसली. तू हसली का मी हसो, तू डोळे पुसले का मी पुसो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू वाचणं सोडलं असतं. माह्यापाशी कोण आलं असतं दुपारचं?"

अंजनाबाईंची नजर कपाटाकडे गेली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला सहावा भाग तिथंच होता. "अवं, पण पुस्तक तं तुह्याच घरी होतं! एकटीनं वाचून काहून नाही घेतलं?"

गोपिकाबाईंनी अंजनाबाईंकडे असं पाहिलं, जसं त्यांनाच वेड लागलंय.

"शपथ होती ना वं."

अंजनाबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. एवढे दिवस जिच्यावर पाळत ठेवली, तिनं हाताशी असलेलं पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, सातवा भाग पिशवीसकट कपाटात ठेवला आणि सहावा काढला. दिवाणावर गोपिकाबाईंच्या खांद्याला खांदा लावून बसल्या आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. त्यातलं सगळं त्यांना ठाऊक होतं, तरी त्या गोपिकाबाईंच्या वाचण्याच्या चालीनं बोट सरकवत राहिल्या. घरात पान उलटण्याचा तेवढा आवाज होता.

काही पानं गेली आणि गोपिकाबाईंनी पुस्तकावर हात आडवा ठेवला. "थांब. मले वाटलंच होतं. हे काम मावशीचंच हाये."

"कंपाउंडर!" अंजनाबाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या कांताबाई पोळी तव्यावर तशीच टाकून धावत आल्या, भांडण लागलं की काय म्हणून.

लागलंच होतं.